सदतीस नंबरचा तुकडा

गेल्या महिन्यात गणपत गल्लीजवळच्या एका स्टेशनरीच्या दुकानात गेलो आणि म्हटलं, "आयव्हरी कार्ड द्या. ए-फोर साइझ. १८० जीएसएमचं. पंचवीस कागद."

दुकानदार माझा जुना विद्यार्थी. बी.ए.ला मराठी घेऊन सुटला आणि वडिलांच्या गल्ल्यावर बसला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं आणि आदबीने विचारलं, "सर, लग्न कुणाचं?"

"लग्न नाही. बाहुली करायची आहे."

तो हसला. सरांनी विनोद केला की हसायचं, ही कॉलेजातली सवय अजून सुटलेली नसावी. मी मात्र विनोद केलेला नव्हता. माझ्या खिशात एक पेन ड्राइव्ह होता आणि त्यात हिरव्या टोपीचा, टोकदार कानांचा, तलवार घेतलेला एक पोरगा नऊ पानांवर फोडणीच्या मिरच्यांसारखा चिरून ठेवलेला होता. त्याला जोडून पुन्हा उभा करणं मला भाग होतं, कारण तो मोडला होता माझ्याच हातून.

आता हे नीट सांगायला हवं.

आमचे चिरंजीव यंदा दहावीला आहेत. दोन वर्षांपूर्वी मोबाइलवरचे खेळ फार झाले म्हणून घरात फर्मान निघालं : आठवड्याचे पाच दिवस खेळ बंद. मुलगा रडला नाही, भांडला नाही. चार दिवसांनी पाहतो तर खेळातला माणूस कागदाचा होऊन जेवणाच्या टेबलावर उभा. चौकोनी डोकं, चौकोनी धड, पेटीसारखे हातपाय, आकाशी सदरा. मी म्हटलं, "हे काय?" तर म्हणाला, "स्टीव्ह. माइनक्राफ्टमधला. पप्पा, मोबाइलला हात लावलेला नाही हं."

माइनक्राफ्ट हा स्वीडनमधल्या मोजांग कंपनीचा खेळ. २००९ मध्ये त्याचं कच्चं रूप लोकांसमोर आलं, २०११ मध्ये तो पूर्ण होऊन बाजारात आला आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच अडीच अब्ज डॉलरला घेऊन टाकली. त्यातलं सगळं जग ठोकळ्यांचं. डोंगर ठोकळ्यांचे, गाय ठोकळ्यांची, माणूसही ठोकळ्यांचा. म्हणून कागदकामाला हात घालणाऱ्या पोरांची सुरुवात बहुधा इथूनच होते. स्टीव्हचं डोकं म्हणजे आठ बाय आठ बाय आठ टिपक्यांचा घन. धड आठ रुंद, बारा उंच, चार जाड. हात आणि पाय प्रत्येकी चार बाय बारा बाय चार. एक टिपका पाच मिलिमीटरचा धरला, तर डोकं चार सेंटिमीटरचं, आणि पायापासून डोक्यापर्यंत अख्खा माणूस सोळा सेंटिमीटर. पट्टी, पेन्सिल आणि चौकटीची वही असली की काम भागतं.

सौ.ने ते टिपके पाहिले आणि म्हणाली, "ही तर कसूती." तिचं माहेर धारवाडकडचं. तिच्या आईच्या इरकल साडीवर जो कसूतीचा भरीव रथ आहे, तो कुणी आधी रेघ मारून काढलेला नाही. कापडाचे धागे मोजायचे आणि टाका घालायचा. संगणकाच्या पडद्यावरचा टिपकाही तसाच मोजून घातलेला. माझ्या डोक्यात हे आलं नसतं.

मुलाने मला आणखी एक गंमत सांगितली. खेळाच्या आतसुद्धा स्टीव्ह हा मुळात कागदच असतो. त्याची कातडी म्हणून एक सपाट चित्र असतं, चौसष्ट टिपके रुंद आणि चौसष्ट उंच. त्यात चेहरा एकीकडे, पाठ दुसरीकडे, हाताच्या चार बाजू ओळीने मांडलेल्या. संगणक ते चित्र उचलतो आणि ठोकळ्यांभोवती गुंडाळतो. "मी तेच करतो," तो म्हणाला, "फक्त फेव्हिकॉलने."

स्टीव्हनंतर क्रीपर झाला. हा हिरवा, हात नसलेला, चार आखूड पायांचा प्राणी खेळाडूजवळ येऊन फुटतो. त्याची जन्मकथा मला फार आवडली. खेळ करणारा मार्कस पर्सन डुक्कर घडवत होता. त्यात लांबी आणि उंचीच्या आकड्यांची अदलाबदल झाली आणि आडवं डुक्कर उभं राहिलं. त्याने ती चूक पुसली नाही, ठेवून दिली. चुकलेलं डुक्कर आज त्या खेळाची ओळख होऊन बसलं आहे. वर्गात शुद्धलेखनाच्या चुका खोडताना मला हल्ली हे डुक्कर आठवतं. असो.

दिवाळीच्या सुटीत मुलाने मोठं काम काढलं. 'द लीजंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम' हा १९९८ चा निन्टेंडोचा खेळ. म्हणजे खेळ मुलापेक्षा पुष्कळ मोठा. त्याचा नायक लिंक. हा ठोकळ्यांचा नाही. त्याला नाक आहे, हनुवटी आहे, मागे लोंबणारी टोपी आहे, ढाल आहे. मी विचारलं, "एवढे नवे खेळ असताना हा जुना का?" तो म्हणाला, "तो एडगै आहे, पप्पा. माझ्यासारखा."

आमच्या घरात डावखुऱ्याला मराठी शब्द वापरत नाहीत. सौ. एडगै म्हणते, मग सगळेच म्हणतात. जसं कागदाला आम्ही दुमडत नाही, 'मडचतो'. कन्नड धातू आणि मराठी प्रत्यय. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाच्या घरात हे चालतं, हे कृपया माझ्या विद्यार्थ्यांना सांगू नये.

लिंक खरोखरच डाव्या हातात तलवार धरतो. २००६ मध्ये निन्टेंडोच्या वी या यंत्रासाठी पुढचा एक खेळ निघाला. तिथे खेळणाऱ्याला स्वतःचा हात हलवून तलवार चालवायची होती आणि बहुतेक माणसं उजव्या हाताची, म्हणून कंपनीने अख्खं जगच आरशातल्यासारखं उलटं केलं. पूर्वेचा सूर्य पश्चिमेला गेला आणि लिंक उजव्या हाताचा झाला. पुढच्या मोठ्या खेळांतही तो उजव्या हाताचाच राहिला. मुलाला याचा राग आहे. त्यामुळे १९९८ चा.

तीन आठवडे ते काम चाललं होतं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये हस्तकलेच्या टेबलावर ठेवायचा होता. हे त्याने मला सांगितलं होतं म्हणे. मी उत्तरपत्रिका तपासत होतो आणि मान डोलावली होती म्हणे. हे मला नंतर कळलं.

मग पूर्वपरीक्षेचा निकाल आला. गणितात ऐंशीपैकी चौतीस. मी कॉलेजातून आलो तो ते कळूनच आलो. टेबलावर पुस्तकांच्या जागी कागदाचे कपटे, कात्री, गोंद, आणि मधोमध तो हिरव्या टोपीचा. पोरगा त्याच्या ढालीची कड स्केचपेनने रंगवत होता. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. प्राध्यापकांना शब्दांची कमतरता नसते. बोलता बोलता हाताशी होतं ते पुस्तक मी टेबलावर आपटलं. हाताशी मोल्सवर्थ होता.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश ज्यांनी उचलला आहे त्यांना त्याचं वजन माहीत आहे. माझ्या प्रतीला आमच्या अण्णांनी कापडी पुठ्ठा घातलेला, त्यामुळे ती आणखी जड. आवाज मोठा झाला नाही. कागद चिरडतो तेव्हा आवाज होतच नाही फारसा. पुस्तक उचललं तेव्हा लिंक सपाट झाला होता, टोपी सोडून. टोपी बाजूला पडली होती.

मुलगा काही बोलला नाही. त्याने सगळे तुकडे वेचले आणि बुटांच्या खोक्यात भरले. खोकं कपाटावर टाकलं आणि गणिताचं पुस्तक उघडून बसला. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

त्या रात्रीपासून त्याने मराठी बंद केलं.

दुभाषी घरात राग कसा निघतो, हे तुम्हा वाचकांना वेगळं सांगायला नको. आमच्यात कधीपासून ठरून गेलं आहे : आईशी कन्नड, पप्पांशी आणि आज्जांशी मराठी. आता तो जेवताना म्हणू लागला, "ननग ब्याड." दारावर कुणी आलं की आईला हाक, "अव्वा, यारो बंदार." मला काही सांगायचं झालं तर आईकडून. मला कन्नड येत नाही असं नाही, बाजारापुरतं आणि बँकेपुरतं चांगलं येतं. पण माझ्याशी कन्नडमध्येही तो बोलत नव्हता. मराठी बंद म्हणजे मी बंद, एवढंच. अण्णांनी मात्र दुसऱ्याच दिवशी त्याच्याशी कन्नडमध्ये सुरू केलं. सत्तर वर्षं इथल्या बाजारात काढलेला माणूस, त्यांना कोणतीच भाषा परकी नाही. "एन माडाकत्तीऽ, मगा?" असं त्यांनी विचारलं आणि दोघं खोलीत काहीतरी बोलत बसले. मी बाहेर पेपर वाचत होतो. पेपर उलटा नव्हता, पण वाचतही नव्हतो.

पाचव्या दिवशी मी तो पेन ड्राइव्ह घेऊन बाहेर पडलो. स्टेशनरीच्या दुकानातून कार्ड घेतलं, झेरॉक्सच्या दुकानात रंगीत छपाई करून घेतली आणि रात्री सगळे झोपल्यावर माझ्या खोलीचं दार लावून बसलो.

पानावर पाहावं तर सगळीकडे रेघा. सलग रेघेवर कापायचं. तुटक रेघेवर एका बाजूने मडचायचं, आणि टिंब-रेघ असेल तिथे उलट बाजूने. एकाला डोंगरघडी म्हणतात, दुसरीला दरीघडी. प्रत्येक कडेला बारीक आकडा छापलेला. दोन कडांवर एकच आकडा असेल तर त्या एकमेकींना चिकटायच्या. हे नकाशे बहुतेक करून पेपाकुरा नावाच्या जपानी सॉफ्टवेअरवर बनतात. तामा सॉफ्टवेअर या कंपनीचं आहे ते. इंग्रजी 'पेपरक्राफ्ट' जपानी तोंडात 'पेपा-कुराफुतो' होतं आणि त्याचं आखूड रूप पेपाकुरा. आपण बसस्टँडचं 'ष्टँड' करतो त्यातलाच प्रकार. संगणकातली त्रिमिती आकृती त्याला दिली की तो ती कडांवर उसवून कागदावर पसरून देतो. कुठे उसवायचं आणि कुठे अखंड ठेवायचं, हे मात्र करणाऱ्या माणसाने ठरवायचं. तिथेच खरी अक्कल लागते म्हणतात.

जुने खेळ कागदवाल्यांना का आवडतात तेही त्या रात्री समजलं. १९९४ चं पहिलं प्लेस्टेशन किंवा १९९६ चं निन्टेंडो ६४, या यंत्रांची ताकद बेताची. अख्खा माणूस काहीशे त्रिकोण-चौकोनांत बसवावा लागे. त्यामुळे नाकाला कोपरा, गुडघ्याला कोपरा. आजच्या खेळातल्या एका चेहऱ्यातच हजारो त्रिकोण असतात, ते कागदावर मडचायचे म्हणजे आधी आकृती ओबडधोबड करून घ्यावी लागते. तेव्हाच्या यंत्रांची गरिबी आज कात्रीच्या कामाला येते.

एवढी विद्या मिळवून मी लिंकचा डावा बूट कापायला घेतला. तासाभरात माझे तीन शोध लागले. पहिला, फेव्हिकॉल बाटलीतून थेट घातला की कार्ड ओलं होऊन पापडासारखं वाकतं. दुसरा, डोंगर आणि दरी यांत गफलत केली की छापील बाजू आत जाते आणि पांढरा बूट तयार होतो. तिसरा शोध असा, की डबी सगळीकडून बंद करत आलात की शेवटची बाजू चिकटवताना आतून दाबायला बोट कुठून घालणार? बूट माझ्या अंगठ्यालाच चिकटला. तो काढताना फाटला.

तेवढ्यात दार ढकललं गेलं. अण्णा. त्यांना रात्री दोनदा उठावं लागतं.

आमचे अण्णा बाइंडर होते. गल्लीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत त्यांनी आयुष्यभर वह्यापुस्तकं बांधली : वकिलांची बुकं, शाळेची रजिस्टरं, देवळाच्या पोथ्या. खळीचा वास हा माझ्या लहानपणाचा वास. मैद्याची खळ शिजवायची आणि वाळवी लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घालायचं. मी एम.ए. झालो, नोकरीला लागलो, तेव्हा त्या वासाची मला लाज वाटायची, हेही आता लिहून टाकतो. अण्णा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. हात कापतात. चहाची बशी दोन्ही हातांनी धरावी लागते.

त्यांनी माझा अंगठा पाहिला, बूट पाहिला आणि खुर्ची ओढून बसले. कशाला, कुणासाठी, काही विचारलं नाही. एक कोरं कार्ड घेतलं, उभं वाकवून पाहिलं, मग आडवं वाकवून पाहिलं.

"बघ, असं सोप्पं वाकतंय, तसं वाकत न्हाई. कागदालाबी लाकडासारखे रेषे असत्यात. रेषेसंगं मडच, घडी सरळ येती. रेषेच्या आडवं मडचलंस की तडकतंय."

पंचेचाळीस वर्षं कागदावर पोट भरतो आहे मी, शिकून आणि शिकवून. हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या छापील घड्यांवर रंगाचे पापुद्रे सुटून पांढऱ्या चिरा का पडत होत्या, ते आता कळलं.

मग त्यांनी शाई संपलेलं बॉलपेन मागितलं. घडीच्या रेघेवर पोलादी पट्टी ठेवायची आणि त्या कोरड्या पेनने एकदाच दाबून ओढायचं, म्हणजे कागद नेमका तिथेच वाकतो. त्यांच्या दुकानात या कामाला हाडाची गुळगुळीत पट्टी असायची. फेव्हिकॉल झाकणात काढायचा आणि आगकाडीच्या टोकाने लावायचा, पातळ, इतका पातळ की चमकला पाहिजे पण वाहिला नाही पाहिजे. चिकटवल्यावर तीस आकडे मोजायचे. आणि शेवटची बाजू कुठली ठेवायची हे पहिल्या बाजूच्या आधी ठरवायचं : जी कुणाला दिसणार नाही ती. मानेखालची, बुडाखालची. "पुस्तकाचं पण तसंच अस्तंय," ते म्हणाले. "दोरा कुठं संपतो ते गिऱ्हाइकाला दिसाय न्हाई पायजे."

लिंक माझ्याच्याने होणार नाही, हे दोघांनाही दिसत होतं. अण्णांच्या हातून तर नाहीच. तेव्हा आम्ही सोपं काम घेतलं, स्टीव्ह. सहा पेट्या. पहाटे चारपर्यंत बसलो.

त्या बैठकीत मी अण्णांना निन्टेंडोची गोष्ट सांगितली. ही कंपनी जन्मली १८८९ मध्ये, क्योतो शहरात. फुसाजिरो यामाउची नावाच्या माणसाने काढली आणि ती काय करायची, तर पत्ते. हानाफुदा नावाचे फुलांचे पत्ते, बारा महिन्यांचे प्रत्येकी चार, अशी अठ्ठेचाळीस पानं. व्हिडिओ गेम फार नंतर आले, मारिओ तर १९८१ मध्ये. जपानला आपल्यासारखे पत्ते पहिल्यांदा नेले सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी. पत्त्यांना जपानीत 'करुता' म्हणतात तो पोर्तुगीज 'कार्टा'च. अण्णांना यात रस वाटला. त्यांनी तरुणपणी सावंतवाडीला गंजिफा बघितली होती, गोल, हातांनी रंगवलेली. दशावतारी गंजिफा एकशेवीस पानांची असते, दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा पानं. "ते पत्तेवाले जपानी हुशार," अण्णा म्हणाले, "कागद सोडला न्हाई त्यांनी." खरंच सोडला नाही. २००० मध्ये त्यांनी कागदी मारिओचा खेळ काढला आणि २०१८ मध्ये तर लाबो नावाने पुठ्ठ्याच्या चपट्या पट्ट्या विकल्या : मुलांनी त्या मडचून पियानो आणि मासेमारीची काठी करायची आणि खेळाचं यंत्र त्यात खुपसायचं.

आमच्या कॉलेजातल्या गणिताच्या सरांना दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी माझा सुजलेला अंगठा दाखवला, तर ते एकदम खुलले. घन उसवून सपाट करण्याच्या वेगवेगळ्या रीती अकरा, ना कमी ना जास्त, हे त्यांनी कागदाच्या बशीवर काढून दाखवलं. अशा उसवलेल्या आकृत्या आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराने १५२५ मध्येच आपल्या भूमितीच्या पुस्तकात छापल्या होत्या. आणि १९७५ मध्ये शेफर्ड नावाच्या गणितज्ञाने एक साधा प्रश्न विचारला : सपाट बाजूंची, कुठेही खळगा नसलेली कोणतीही घनाकृती घेतली, तर ती कडांवर कापून एकसंध, स्वतःवर न चढता सपाट पसरता येतेच का? पन्नास वर्षं होत आली, कुणाला हो म्हणून सिद्ध करता आलेलं नाही, नाही म्हणूनही नाही. मी विचारलं, "ज्याला गणितात चौतीस पडले, तो पोरगा हे रोज कात्रीने करतो, त्याचं काय?" सर चहा पीत म्हणाले, "त्याला माझ्याकडे पाठवा. रविवारी."

पण ते नंतरचं. त्या पहाटे स्टीव्ह तयार झाला. डावा पाय उजव्यापेक्षा दोन मिलिमीटर आखूड. मान किंचित वाकडी, वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्यासारखी. मी तो मुलाच्या टेबलावर, गणिताच्या पुस्तकाशेजारी ठेवला. चिठ्ठी लिहावी असं मनात होतं. लिहिलीही, आणि फाडली. माझ्या चिठ्ठ्या फार शुद्ध असतात.

सकाळी तो स्टीव्ह हातात घेऊन बाहेर आला. उलटसुलट करून पाहिलं. घड्यांवरून नख फिरवलं. मी दाढी करत होतो, आरशात पाहत होतो.

"अव्वा," तो स्वयंपाकघराकडे बघून म्हणाला, आणि थांबला. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "कडा रंगवल्या नाहीत. पांढऱ्या दिसताहेत."

मी म्हटलं, "त्या कशा रंगवायच्या मला माहीत नव्हतं." आणि मग एका दमात, साबण तोंडावर असतानाच, जे म्हणायचं होतं ते म्हणून टाकलं. ते इथे लिहीत नाही. तो म्हणाला, "हं." दहावीच्या मुलाकडून एवढं पुष्कळ.

कडा रंगवायला तो संध्याकाळी बसला. कापलेल्या कागदाची पांढरी कड त्याच रंगाच्या स्केचपेनने आडवी घासून घ्यायची, म्हणजे जोड दिसत नाही. अण्णा शेजारी बसून पाहत होते. मुलगा डाव्या हातात कात्री धरून ढालीचा गोलवा कापू लागला. कात्री कागद चावत होती, कापत नव्हती.

अण्णांनी ती कात्री घेतली आणि बराच वेळ उघडझाप करून पाहिली. पहिल्यांदाच पाहावी तशी. मग म्हणाले, "वरचं पातं उजवीकडं हाय. डाव्या हातात धरली की रेघच दिसणार न्हाई. आन पाती एकमेकांपासनं लांब ढकलत्यात."

"हो ना, आज्जा. म्हणून मी कटर वापरतो बघा."

मीही डावखुरा होतो. सहाव्या वर्षापर्यंत. दुकानात अण्णांच्या शेजारी बसून डाव्या हाताने कागद कापायचो आणि वेडंवाकडं कापायचो. बोटं जातील म्हणून त्यांनी माझा डावा हात सुतळीने स्टुलाला बांधून ठेवायला सुरुवात केली. दोन महिन्यांत मी उजव्या हाताचा झालो. अक्षर चांगलं आलं. कात्री मात्र पुन्हा कधी धरली नाही. दुकानात बसणंही तिथेच सुटलं. यावर आम्ही दोघं चाळीस वर्षांत एक अक्षर बोललो नव्हतो.

अण्णा कात्रीकडेच पाहत म्हणाले, "ह्ये मला तवा कुणी सांगितलं न्हाई रे." कुणाला म्हणाले ते त्यांनी सांगितलं नाही. मुलाला वाटलं त्याला म्हणाले. तो म्हणाला, "असू दे आज्जा, ऑनलाइन डाव्या हाताची कात्री मिळते." सौ. आतून ऐकत होती. तिने दोन कप चहा आणून ठेवला आणि एक माझ्या हातात न देता अण्णांच्या पुढे सरकवला, आणि बशी स्वतः धरून उभी राहिली.

आता रोज रात्री जेवण झाल्यावर पाऊण तास कागद, असा करार झाला आहे. त्याआधी गणित. गणिताचे सर रविवारी अर्धा तास कमी शिकवतात आणि अर्धा तास ड्यूररवर बोलतात अशी मुलाची तक्रार आहे, तक्रारीच्या सुरात मात्र नाही. गॅदरिंग हुकलं. लिंकची टोपी जुनीच वापरायची, ती वाचली होती. बाकी सगळं नव्याने. पोलादी पट्टी अण्णा दाबून धरतात. हाताचा कंप वजनाखाली थांबतो. मुलगा डाव्या हाताने कटर ओढतो. कटर पट्टीच्या कुठल्या बाजूने चालवायचा यावर दोघांचे वाद होतात, निम्मे मराठीत, निम्मे कन्नडमध्ये. जमलं की अण्णा म्हणतात, "चलो आतु."

गोंदाला हात लावायची मला परवानगी नाही. कापलेले तुकडे नंबरवार लावून द्यायचे, एवढं खातं माझ्याकडे आहे. काल रात्री छत्तीसपर्यंत लावले. सदतीस सापडत नव्हता. टेबलाखाली पाहिलं, केरसुणीत पाहिलं, मोल्सवर्थ उघडून झटकला. सौ. म्हणते, सकाळी तुम्ही त्यावर दुधाचा हिशेब लिहिलात का बघा.